टेलचा लाभार्थी

घरातलं पाणी वाचवायचं असं ठरलं, की ते नेमकं कुणाचं वाचवायचं यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. ते माझंच असतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, केवळ नोंद असावी म्हणून सांगतो. तुम्ही चहा घ्या. तुमच्याही घरी हाच प्रकार असणार, तुम्ही बोलत नाही एवढंच.

बारामतीच्या माणसाने पाण्याचं गाऱ्हाणं मांडलं की बाहेरगावचे लोक आधी हसून घेतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे आमच्या नळाला उसाचा रस येतो. अशा मंडळींनी एप्रिलमध्ये एकदा सुपे, मोरगाव, लोणी भापकर असा फेरा मारून यावा. नीरा डाव्या कालव्याच्या खाली ऊस आणि वर कुसळं, असा आमचा तालुका सरळ दोन भागांत वाटलेला आहे. खालचे बागायती, वरचे जिरायती. पूर्वी सोयरीक जमवताना पत्रिकेच्या आधी ‘कालव्याखाली किती?’ हे विचारलं जायचं आणि उत्तर ऐकून पाहुणे एकतर पोहे संपवायचे, नाहीतर परतीच्या एसटीची वेळ विचारायचे. मी जन्माने वरचा. कऱ्हाकाठचा. कऱ्हा ही आमच्याकडे नदी आहे, म्हणजे तिच्यावर पूल आहेत. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि त्यातून कऱ्हा वाहू लागली, अशी कथा सांगतात. एवढं पाणी सांडूनही ब्रह्मदेवाला कुणी चकार शब्द बोललं नाही. आमच्या घरात माझ्या हातून तांब्या कलंडला तर तीन पिढ्या जमा होतात.

सदर प्रकरणाचं मूळ जलजागृती सप्ताहात आहे. 22 मार्चचा जागतिक जल दिन गाठून 16 मार्चपासून हा सप्ताह राज्यभर पाळला जातो. 2016 पासूनची प्रथा आहे. नद्यांचं पाणी कलशात आणून त्याचं पूजन होतं, फेऱ्या निघतात, जलप्रतिज्ञा घेतली जाते, आणि व्यासपीठावर प्रत्येक पाहुण्यासमोर एक सीलबंद बाटली असते, तिच्यातला एकच घोट घेतला जातो. उरलेल्या बाटल्यांचं पुढे काय होतं, याचा अहवाल माझ्या वाचनात आलेला नाही. असो. आमची नात सातवीत आहे. तिने शाळेत प्रतिज्ञा घेतली आणि घरी येऊन तिची अंमलबजावणी माझ्यापासून सुरू केली.

कालव्यावर पाटकरी असतो. कुणी रात्री चारी फोडून पाणी वळवतंय का, हे बघत हिंडणारा. आमच्या घरात हे पद नातीकडे आहे. पगार नाही, पण अधिकाराला हद्दही नाही. मी दाढीला उभा राहिलो की ती दारात येऊन टेकते. “आजोबा, नळ.” दोनच शब्द. पण ज्या सुरात ते येतात, त्या सुरात बँकेची माणसं थकबाकीदाराशी बोलतात.

आता याचा हिशेब बघा. वाहत्या नळातून मिनिटाला 5-6 लिटर पाणी सहज जातं. दाढीची दोन मिनिटं धरली तर झाले 10 लिटर. ते वाचतात, मला मान्य आहे. आता माझ्या धाकट्या भावाकडे या. तो इंदापूर तालुक्यात, डाव्या कालव्याच्या पार टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेती करतो. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर, मोटरीला ऑटो स्टार्टर. शेतीची लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. ती आली की मोटर आपली आपण सुरू होते, मग भाऊ घोरत का असेना. अशी मोटर तासाला 30 हजार लिटर पाणी आरामात फेकते. म्हणजे माझ्या 3 हजार दाढ्या. मी आठ वर्षं रोज नळ बंद ठेवून गाल खरवडायचे, तेव्हा कुठे भावाच्या झोपेतला एक तास फिटणार. आणि हाच भाऊ रविवारी आमच्याकडे जेवायला येतो, बेसिनपाशी उभा राहतो, आणि माझ्याकडे बघून म्हणतो, “दादा, नळ जरा बारीक ठेवत जा.”

त्याला बोलायची सोय नाही, कारण तो टेलचा. टेलच्या माणसाला आमच्याकडे नैतिक अधिकार असतो. त्याचा ऊस जळत असला तरी असतो आणि डोलत असला तरी असतो.

साखरेचंच घ्या. एक किलो साखर तयार व्हायला दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं, असं सरकारी अहवालच सांगतात. चहाचा एक चमचा म्हणजे 5 ग्रॅम. म्हणजे एका चमच्यात माझी एक दाढी बसते. तुमच्या कपात मघाशी दोन चमचे पडले, मी पाहिलं. तेव्हा आत्ता तुम्ही जे ढवळताय ते बादलीभर पाणी आहे. दचकू नका, ढवळा. बिनसाखरेचा चहा हा पाणीबचतीचा सर्वांत सोपा घरगुती उपाय, असा प्रस्ताव मी एका रविवारी मांडला होता. भाऊ कारखान्याचा सभासद. त्याने त्या दिवशी चहाच घेतला नाही, आणि पुढच्या वेळी येताना मळ्यातल्या पेरूची पिशवी आणायला ‘विसरला’.

पुतण्या पुण्यात असतो. तो मला पाणी वाचवण्याचे सोपे उपाय पाठवतो. कुठून काढतो कळत नाही, पण यादी लांबलचक असते आणि मी ती मुद्देनिहाय वाचतो, कारण मी आयुष्यभर आलेल्या कागदाला उत्तर देण्याची नोकरी केली. पोहण्याचा तलाव वापरात नसताना झाकून ठेवावा. पूर्तता: लागू नाही. हिरवळीवरचे फवारे भल्या पहाटे चालवावेत. पूर्तता: लागू नाही. डिशवॉशर पूर्ण भरल्याशिवाय लावू नये. पूर्तता: आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात, त्या पूर्ण भरल्याशिवायच लागतात. शॉवरखाली पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. आमच्याकडे शॉवर आहे. तो घर बांधताना बसवला आणि त्यातून पाणी येऊ शकतं हे आम्ही ऐकून आहोत. फ्लशच्या टाकीत वाळू भरलेली लिटरची बाटली ठेवावी, दर वेळी लिटरभर वाचतं. हा मात्र आम्ही अमलात आणला. पूर्वी 10 लिटरमध्ये एकदा भागायचं, आता 9-9 लिटर दोनदा लागतात. पण बाटली हलवायची नाही, कारण नातीने तिच्यावर प्रतिज्ञेचा स्टिकर लावला आहे.

या पुतण्याच्या शॉवरमध्ये येणाऱ्या पाण्याबद्दल मात्र यादीत काही नसतं. खडकवासल्याहून निघालेला कालवा हडपसर, दौंड करत 200 किलोमीटरच्या आसपास धावून इंदापूर तालुक्यात पोचतो. पोचतो म्हणजे कागदावर नेहमी पोचतो. पुण्यात शॉवर जेवढा लांबतो, तेवढा आमच्याकडे कालवा आखूड होतो, एवढं साधं गणित आहे. पण पुण्याचा माणूस पाणी पितो, वापरत नाही, असा संकेत आहे. शहरासाठी माणशी 135 लिटर आणि जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी माणशी 55 लिटर, असे सरकारी निकषच आहेत. मी 55 लिटरच्या गावात जन्मलो, 135 च्या गावात घर बांधलं, आणि माझ्या वाट्याला एक बादली येते. मधले लिटर कुठे गळतात याची चौकशी व्हायला हवी.

चौकशी मीच केली. पहिली गळती हंड्यात सापडली.

उन्हाळ्यात कालव्याचं आवर्तन लांबलं की आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं. त्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत जी धांदल उडते ती बघायला तुम्ही या. नळ आला रे आला, की प्रत्येक घरातून पहिल्यांदा काय होतं? परवा भरलेले हंडे, कळश्या, पातेली रिकामी होतात. भडाभडा. अंगणात, गटारात, जमेल तिथे. कारण परवाचं पाणी शिळं. ताजं आलंय ना! मी हिला नम्रपणे विचारलं, की हे ताजं पाणी कधीचं? भाटघर धरण भरतं ऑगस्टमध्ये. ते पाणी सात-आठ महिने घाटाखाली निवांत पडून असतं, मग नदीने वीरला येतं, मग कालव्याने बारामतीला, मग साठवण तलावात थांबतं, मग टाकीत. एवढा मुक्काम करत आलेलं पाणी ताजं, आणि आमच्या स्वयंपाकघरात तांब्याच्या हंड्यात, वर फडकं बांधून, दोन रात्री काढलेलं पाणी शिळं? ही म्हणाली, “तुम्हाला प्यायचंय का ते?” मी हो म्हणालो. तेव्हापासून घरातलं सगळं शिळं पाणी अधिकृतपणे माझ्याकडे वर्ग झालं आहे. माझ्या खोलीत दोन कळश्या असतात. पाहुणे आले की त्या पलंगाखाली सरकवल्या जातात.

पाहुण्यांवरून आठवलं. पाहुण्याला ग्लास काठोकाठ भरून द्यायचा, त्याने ओठ ओले करायचे, उरलेला मोरीत ओतायचा, ही आपली संस्कृती आहे. मी एकदा अर्धा ग्लास दिला. पाहुणे सूनबाईच्या माहेरचे होते. ‘पुण्यात किती वर्षं होतात तुम्ही?’ असं त्यांनी विचारलं. पुन्हा दिला नाही.

दुसरं प्रकरण आरओ मशीनचं. बोअरचं पाणी जड, म्हणून ते बसवलं. हे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना तीनेक लिटर पाणी नालायक ठरवून बाजूला काढतं. इतक्या टक्क्यांनी नालायक ठरवणं मी फक्त स्पर्धा परीक्षांत पाहिलं होतं. ज्या पाण्यात क्षार कमी आहेत तिथे असली यंत्रं लावू नका, आणि लावाल तिथे निदान साठ टक्के पाणी हाती लागलं पाहिजे, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलं. लवाद दिल्लीला बसतो, आमचं यंत्र ओट्यावर. त्याची बारीक नळी बादलीत सोडलेली आहे. ते पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला, संडासात टाकायला चांगलं चालतं, यात वाद नाही. वाद एवढाच, की बादली भरली का हे बघायचं आणि ती उचलून न्यायची ही जबाबदारी ‘घरी असतो त्या माणसाने’ घ्यावी असं ठरलं. घरी कोण असतो? वॉशिंग मशीनच्या शेवटच्या पाण्याचंही तेच. चिरंजीवांनी मोठ्या हौशीने मशीनचा पाइप पिंपात सोडला आणि ऑफिसला निघून गेले. पुनर्वापर ही कल्पना फार चांगली आहे. तिला फक्त एक हमाल लागतो, आणि तो निवृत्त असला तर बरं.

पूर्वी हे सगळं आपोआप व्हायचं, याचा मला जास्त त्रास होतो. आमच्या गावच्या घरी न्हाणीच्या मागे मोरीचं पाणी अळवात जायचं, अळवातून केळीत, केळीतून उरलं तर कोंबड्या प्यायच्या. कुणी त्याला पुनर्वापर म्हटलं नाही, कुणी प्रतिज्ञा घेतली नाही. आठवड्यातून दोनदा अळूचं फदफदं मात्र खावं लागायचं. म्हणजे तेव्हाही पाणी वाचलं आणि मीच भोगलं.

आता मुख्य खटल्याकडे येतो. तुम्ही जरा सरसावून बसा.

आमच्या मागच्या न्हाणीघरातला नळ गळतो. फार नाही, सेकंदाला एखादा थेंब. खाली बादली ठेवली तर सकाळपर्यंत पाव बादली भरते. बादली नसेल तेव्हा ते पाणी मोरीतून बाहेर जातं, आणि तिथे अळूचा एक वाफा, एक कढीपत्ता आणि कुणी न लावता आलेली पपई, असा संसार उभा आहे. घरातल्यांचं म्हणणं, हा अपव्यय आहे, वायसर बदला. नातीने पंचनामा केला. नळाखाली मापाचं पातेलं ठेवून, घड्याळ लावून, वहीत आकडे मांडले आणि वहीच्या खाली माझी सही घेतली.

माझं म्हणणं असं. नीरा डावा कालवा इंग्रजांनी 1876-77 च्या दुष्काळानंतर काढला. 1880 च्या दशकात त्याला पाणी सुटलं. मातीचा कालवा, लांबी दीडशे किलोमीटरच्या घरात. मातीचा म्हणजे तो पाझरणारच. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तो दोन्ही अंगांनी पाझरतोय, आणि त्या पाझरावर काठच्या विहिरी भरतात, विहिरींवर ऊस उभा राहतो, उसावर बंगले. पुढे सरकारने विचार केला की एवढं पाणी वाटेत मुरतं, टेलला काही पोचत नाही, तेव्हा कालव्याला काँक्रीटचं अस्तर घालू. झालं! अस्तरीकरण म्हटल्याबरोबर काठचे शेतकरी उठले. आमच्या विहिरी आटतील, आमचा पाझर बंद करू नका. विरोध झाला, बैठका झाल्या, निवेदनं गेली. आणि मी म्हणतो, बरोबरच आहे त्यांचं. विहिरी खरंच आटतात. टेलचे म्हणाले अस्तर घालाच. त्यांचंही बरोबर आहे. इथपर्यंत सगळेच बरोबर आहेत.

मग कालव्याची गळती हा हक्क आणि माझ्या नळाची गळती हा गुन्हा, हे कुठल्या कायद्यात बसतं? मी जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर भूमिका स्पष्ट केली. सदर नळ गळत नसून पाझरतो. त्याचं एक लाभक्षेत्र आहे. त्यात एक अळूचा वाफा, एक कढीपत्ता, एक पपई आणि दुपारी पाणी प्यायला येणारी दोन मांजरं समाविष्ट आहेत. अस्तरीकरणाचा, म्हणजे वायसरचा, निर्णय घेण्यापूर्वी लाभधारकांचं म्हणणं ऐकून घेण्यात यावं. चिरंजीव मोबाइलमध्ये बघत होते. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, आमटी वाढू?” ही म्हणाली, “वायसर आणा.” लोकशाहीत विरोधी आवाज कसा हाताळावा, याचं शिक्षण आमच्या जेवणाच्या टेबलावर मिळतं.

बागेकडे येऊ. बाग म्हणजे गच्चीवरच्या कुंड्या आणि मागची ती पट्टी. बागेत पाणी वाचवायला तीन गोष्टी पुरतात: मुळाशी सावली, मुळाशीच पाणी, आणि ऊन उतरल्यावर पाणी. सगळ्या शेतकऱ्यांना हे माहीत आहे आणि आमच्या सौभाग्यवतींना ते मान्य नाही. त्या सकाळी साडेदहाला पाइप धरून झाडाच्या डोक्यावर पाणी घालतात, पानं कशी टवटवीत दिसतात म्हणे. मी भावाकडून पाचट मागितलं. उसाचं पाचट कुंडीत पसरलं की माती झाकली जाते, ओल दुप्पट दिवस टिकते. शेतात ते पेटवू नका, सरीत आच्छादन करा, असं कृषी विज्ञान केंद्रापासून कारखान्यांपर्यंत सगळे कानीकपाळी ओरडून सांगतात. भावाने पेटवायचं ठेवलेल्यातलं एक पोतं दिलं. ते मी एसटीने आणलं. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं, हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण पाणीबचतीचा खर्च कुणी विचारत नाही. कुंड्यांत पाचट पसरल्यावर ही म्हणाली, “हा कचरा कुणी टाकला?”

मग मडकं पुरलं. बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, भरून वर झाकण ठेवायचं. पाणी मडक्यातून झिरपत मुळांना मिळतं. जुनी पद्धत आहे आणि उत्तम चालते. इतकी उत्तम, की शेजारच्या काकूंनी मोगऱ्याशेजारी गाडगं पुरलेलं पाहून आमच्याकडे कुणी करणी-बिरणी केली का, असं हळूच विचारलं. मडकं निघालं. ठिबक लावलं. तासाला 4 लिटर देणारे ड्रिपर, एकेका कुंडीला एक. पंधरा मिनिटं पुरतात. बारामती-इंदापूरच्या पाण्यात क्षार एवढे, की काही दिवसांत ड्रिपर बुजतात. शेतात त्यासाठी आम्ल सोडतात, मी टाचणी वापरतो. रोज संध्याकाळी गच्चीवर टाचणी घेऊन एकेका ड्रिपरसमोर ओणवा होणारा माणूस दिसला, की समजा तो पाणी वाचवतोय. तेवढ्या वेळात पलीकडच्या बंगल्यातला गृहस्थ हिरवळीवर पाइप सोडून मोबाइलवर बोलत फेऱ्या मारत असतो. पाइपाचं तोंड गेटच्या बाहेर गेलेलं असतं. रस्ता ओला होतो. माझ्याकडे बघून तो हात करतो. मीही करतो, टाचणीचा.

पावसाचं सांगायचं राहिलं. बारामतीत वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो पडला तर हिशेबाने 45 हजार लिटर होतात, वाया जाणारं सोडून 35 हजार तरी. गच्चीचा पाइप जाळीतून, वाळू-खडीच्या खड्ड्यातून बोअरला जोडला की झालं. हा प्रस्ताव चिरंजीवांकडे आहे. ‘दिवाळीनंतर बघू’ असा शेरा त्यावर आहे. दिवाळीनंतर पाऊस नसतो, हे शेरा मारणाऱ्याला माहीत आहे.

आमचे व्याही सोलापूरचे. हे मी इतका वेळ टाळत होतो. उजनी धरण आहे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. त्याचं पाणी येऊन तुंबलंय आमच्या इंदापूर तालुक्यात. गावं बुडाली इकडची, पळसदेवचं जुनं मंदिर बुडालं इकडचं. ते उन्हाळ्यात पाणी उतरलं की दर्शन देतं. एकूण साठा 117 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर, म्हणजे मी मोजायचा नाद सोडून दिला. 2021 च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरला 5 टीएमसी द्यायचा आदेश निघाला. ते पाणी पुण्याहून येणारं सांडपाणी आहे, असं सांगितलं गेलं. सोलापूर पेटलं आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. त्या महिन्याभरात व्याह्यांनी मला तीनदा फोन करून विचारलं, “काय हो, आमचं पाणी कसं लागतंय चवीला?” त्यांच्या शहरात चार-पाच दिवसांआड नळ येतो. ज्या माणसाच्या घरी चार-पाच दिवसांआड पाणी येतं त्याच्याशी वाद घालता येत नाही. मी कुशल विचारतो आणि फोन हिच्याकडे देतो.

उजनीने मला एक शिकवलं. तिथे शून्य टक्के साठा म्हणजे धरणात 63 टीएमसी पाणी. त्याला मृतसाठा म्हणतात. शून्याखाली उतरलं की उणे टक्के मोजतात. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 च्या आसपास गेली होती. म्हणजे पाणी संपल्यानंतरही भरपूर पाणी असतं, फक्त ते घ्यायला अधिकार लागतो. आमच्या गच्चीवरच्या टाकीचंही तसंच आहे. पाइपाचं तोंड तळापासून चार बोटं वर. नळ बंद झाले की टाकी शून्य टक्के. त्याखाली जे गढूळ, गार, गाळाचं पाणी राहतं तो मृतसाठा. सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यावर माझा नंबर लागतो, तेव्हा आमच्या घराचं धरण उणेमध्ये असतं. स्वयंपाकघर टाकीच्या पहिल्या फाट्यावर. त्यानंतर वॉशिंग मशीन, मग चिरंजीवांचं न्हाणीघर, आणि सर्वांत शेवटी मागचं, माझं. नळशास्त्राप्रमाणे मी या घराचं टेल आहे.

आणि म्हणून मी अर्ज लिहिला. नमुना नंबर 7 वर कालव्याचं पाणी मागतात, त्याच धर्तीवर. विषय: समन्यायी वाटपाबाबत. संदर्भ एक: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यासाठी आखलेली ब्लॉक पद्धत, जिचा हेतू असा की वरच्या गावांनी ऊस लावून सगळं पाणी पिऊन टाकू नये, ते ठरावीक तुकड्यांत सगळ्या गावांना मिळावं. संदर्भ दोन: महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम 2005, ज्याच्या आधारे नाशिक-नगरच्या भरलेल्या धरणांतून खाली जायकवाडीला पाणी सोडावं लागतं. महोदया, ज्या राज्यात नाशिकला जायकवाडीची काळजी घ्यावी लागते, त्या राज्यातल्या एका घरात पहिल्या न्हाणीघराने शेवटच्या न्हाणीघरासाठी दोन बादल्या राखून ठेवू नयेत, हे खेदजनक आहे. तरी आवर्तन टेलकडून सुरू करण्यात यावं, म्हणजे पहिली आंघोळ अर्जदाराची. अर्जदार निवृत्त असून त्यास कुठेही जायचं नसतं, हा मुद्दा या ठिकाणी गैरलागू समजावा. सोबत: नातीने केलेल्या पंचनाम्याची प्रत, पाचटाच्या पोत्याचं एसटीचं तिकीट.

हिने चष्मा लावून अर्ज वाचला. दोनदा वाचला, असं मला वाटतं. मग तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर किराणाची यादी लिहून माझ्या हातात दिली. तूरडाळ 2 किलो, साखर 5 किलो, आणि सर्वांत वर, खाली दोन रेघा ओढून: वायसर, 1 नग.